शेवटचा रकाना

धाराशिवच्या त्या शिक्षण संस्थेत चौदा शाखा मिळून सहाशे अकरा माणसं नोकरीला होती आणि त्यांतल्या प्रत्येकाला मोनिका नावानं ओळखायची. चेहऱ्यानं म्हणाल तर निम्म्यांना तिनं पाहिलंही नव्हतं. पण परंड्याचा कोणता शिपाई कुणाच्या हाताखाली आहे, लोहाऱ्याच्या हायस्कुलात कोणत्या बाई कधी लागल्या, हे तिलाच विचारावं. मुख्य कार्यालयात जिन्याखाली एक थंड खोली होती. तिथल्या सर्व्हरवर तिनं संस्थेचं सगळं झाड उभं केलं होतं. वर संस्था, तिच्याखाली शाखा, शाखेखाली विभाग आणि विभागाखाली माणसं. कुठल्याही गावी सकाळी कुणी कॉम्प्युटर उघडला किंवा अंगठा लावून हजेरी दिली, की आधी या झाडात त्याचं नाव शोधलं जायचं आणि मगच पुढचं काम व्हायचं.

लोहाऱ्याकडच्या एका वाडीवरच्या बिराप्पाची ही मुलगी. घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. हिनं मात्र बीसीएस केलं आणि सात वर्षांपूर्वी इथं लागली. पहिल्याच आठवड्यात जिन्यात कुणीतरी बोललेलं तिच्या कानावर आलं होतं, "मेंढक्याची पोर मशीन काय सांभाळणार?" आपल्या कामात कुणाला बोट ठेवायला जागा द्यायची नाही, एवढं तिनं मनाशी धरलं. आणि सात वर्षं खरंच दिली नव्हती. तिला त्याचा गर्व होता, हे तिनं स्वतःशीसुद्धा कबूल केलं नसतं.

झाड उभं करताना तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचे ते बलभीमअण्णा. हेडक्लार्क, तेव्हा निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. संस्थेतला माणूस न् माणूस त्यांना पाठ. अडचण होती ती एकसारख्या नावांची. वैजनाथ तीन, मल्लम्मा दोन, महानंदा दोन.

"अण्णा, हा वैजनाथ कुठला?"

"मुरूमचा. तोतरा."

"आणि हा?"

"ह्यो सासऱ्याच्या वशिल्यानं चिकटलेला. लिहून ठिव, न्हायतर उद्या परत इचारशील."

गावाकडं हे असंच चालतं. एका नावाची चार माणसं असली की एकाला व्यंगानं, दुसऱ्याला खोडीनं, तिसऱ्याला बायकोच्या माहेरानं ओळखायचं. बोलणं तोंडातल्या तोंडात राहतं, त्याचं कुणाला काही वाटत नाही. मोनिकानं ते सगळं टाइप केलं. प्रत्येक माणसाच्या माहितीत शेवटी वर्णनाचा एक रकाना होता, त्यात. तो रकाना मुद्दाम उघडल्याशिवाय दिसत नव्हता, आणि उघडणारी ती एकटीच.

दोन महानंदांपैकी एक लोहाऱ्याला आणि दुसरी इथली, मुख्य कार्यालयातली शिपाई. पन्नाशी ओलांडलेली, सातवी शिकलेली, नवऱ्यानं विशीतच सोडून दिलेली. मोनिका बाळंतपणाच्या रजेवरून परत आली तेव्हा सृष्टी पाच महिन्यांची होती. नवरा मल्हार एसटीत चालक, त्याच्या ड्युटीचा नेम नाही. सासू गावाकडं. महानंदामावशींनी स्टेशनरीच्या खोलीत दोन कपाटांच्या मध्ये लुगड्याची झोळी बांधली आणि म्हणाल्या, "आना हिकडं तिला. रडली तर तुमाला हाक मारते, ताई." त्या झोळीत सृष्टीनं वर्ष काढलं. आता ती पहिलीत होती आणि शाळा सुटल्यावर पाच वाजेपर्यंत मावशींच्या स्टुलाशेजारी बसून गृहपाठ करायची.

यंदा मावशींचं नाव प्रयोगशाळेच्या जागेसाठी पुढं गेलं होतं. याच इमारतीच्या वरच्या मजल्यावरच्या ज्युनिअर कॉलेजातला परिचर निवृत्त झाला होता. रसायनांची कपाटं, काचसामान, किल्ल्यांचा जुडगा, हे सगळं त्या माणसाच्या ताब्यात. शनिवारी संस्थेच्या समितीची बैठक होती, तिथं नक्की होणार होतं.

"पंचवीस वर्सं फरशा पुसल्या, आता बाटल्या पुसायच्या," मावशी म्हणायच्या. "पर खुर्ची मिळंल म्हनं बसायला." आणि हसायच्या. खुर्चीचं त्या तीन-चार वेळा बोलल्या होत्या.

त्याच आठवड्यात संस्थेनं हजेरीचं आणि सेवापुस्तकांचं नवं सॉफ्टवेअर घेतलं. कंपनी पुण्याची. त्यांना सगळी माणसं एका साध्या सपाट फाईलमध्ये हवी होती. झाड नको, फांद्या नकोत, एका माणसाला एक ओळ. कोण कुणाच्या हाताखाली, तेही त्याच ओळीत लिहायचं.

"म्हंजी म्या आन् सायेब एकाच वळीत?" मावशींनी चहा ठेवताना पडद्याकडं बघत विचारलं.

"एका ओळीत नाही हो मावशी, एकाखाली एक. साहेब दुसऱ्या ओळीत, तुम्ही चारशे सातव्या."

"मग ते झाडच झालं की."

मोनिका हसली, पण काम हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. पहिल्यांदा तिनं मोजके पाच रकाने काढले, तर 'कोणाच्या हाताखाली'ची सगळी साखळी उलटी आली, आधी माणूस, मग विभाग, मग शाखा, आणि मधल्या प्रत्येक स्वल्पविरामाला फाईल तुटून नावं शेजारच्या रकान्यात जाऊन बसली. परंड्याची माणसं मुरूमच्या खाली दिसायला लागली. सोमवारचा आख्खा दिवस त्यात गेला. मंगळवारी तिनं कंटाळून सगळेच्या सगळे रकाने एकदम बाहेर काढले आणि नको ते हातानं पुसत बसली. नव्वदच्या वर रकाने, बहुतेक रिकामे. शेवटी एक राहिला. त्यात नुसती वेडीवाकडी चिन्हं होती, अक्षर एक नाही. मराठीत लिहिलेलं त्या फाईलमध्ये तिच्या कॉम्प्युटरवर तसंच दिसायचं.

तिनं कंपनीतल्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, तो काढू नका. विभागांची मराठी नावं त्यातच आहेत. आमच्याकडे नीट दिसतं."

विभागांची नावं त्यात होती, ते बरोबर. पण माणसांच्या ओळींतही ती चिन्हं होती. माणसांचं आपण काय लिहिलं होतं बरं, असं क्षणभर तिच्या मनात आलं. अण्णांचं काहीतरी, कुठलं गाव वगैरे. आलं आणि गेलं. सव्वापाच झाले होते, सृष्टी दारात दप्तर घेऊन उभी होती. पुढं कित्येक दिवस ती त्या एका क्षणाशी येऊन थांबायची. माहीत नव्हतं असं नव्हतं. बघायचा कंटाळा केला, बस.

सचिव इंद्रजितसाहेब जाता जाता म्हणाले, "शाखांनाही पाठवून द्या. आपापली माणसं तपासून कळवा म्हणावं." तिनं चौदा मुख्याध्यापकांना ती फाईल पाठवली आणि घरी गेली.

बुधवारी सकाळी लोहाऱ्याच्या शाखेतल्या क्लार्क महादेवीबाईंचा फोन आला.

"मॅडम, तुम्ही फाईल मोबाईलवर उघडली का?"

"नाही. कॉम्प्युटरवर बघितली की."

"मोबाईलवर उघडा. आन् शेवटपर्यंत सरकवा." मग म्हणाल्या, "माझ्या नावापुढं 'भांडखोर, जपून' असं लिवलंय. आता ते काय खोटं न्हाय. पर हेडसरांनी ते ग्रुपवर टाकलंय, आन् आमचे दोन सर सकाळपासून एकमेकांशी बोलंनात. तुम्ही तर समद्यांच्या कुंडल्याच धाडल्या की."

मोनिकानं मोबाईल घेतला. लहानशा पडद्यावर ती चिन्हं नव्हती, स्वच्छ मराठी होतं. तोतरा. वशिल्याचा. दारू पितो, सोमवारी येत नाही. बायको नांदत नाही. ती बोटानं सरकवत चारशे सातव्या ओळीवर गेली.

'महानंदा, मुख्य कार्यालय. नवऱ्यानं टाकलेली. हात चलाख. सर्व्हरच्या खोलीची किल्ली हिच्याकडे देऊ नये.'

'नवऱ्यानं टाकलेली' हे दोन शब्द अण्णांचे होते. त्यापुढचं तिचं.

नोकरीच्या पहिल्या वर्षी तिचा पेन ड्राइव्ह हरवला होता. सगळी माहिती त्यात उतरवून ठेवलेली. त्या संध्याकाळी खोलीत झाडायला मावशीच तेवढ्या आल्या होत्या. मोनिका कुणाला बोलली नाही. नवी होती, हरवला म्हटलं असतं तर 'म्हटलं नव्हतं?' असं सगळे म्हणाले असते. तिनं गुपचूप तो रकाना उघडला, ते वाक्य लिहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून किल्ली पर्समध्ये घालून घरी न्यायला लागली. बाराव्या दिवशी पेन ड्राइव्ह त्याच पर्सच्या फाटलेल्या अस्तरात सापडला. तिला हायसं वाटलं. ते वाक्य पुसायचं मात्र राहून गेलं. पुढं किल्ली मावशींकडेच असायला लागली, घरची पोरगीच त्यांच्याकडे असायची तिथं किल्लीचं काय. आणि ती विसरली. ज्याच्यावर आपण आळ घेतला तो माणूस समोर रोज चहा घेऊन येतो आणि आपण विसरून जातो, हे कसं जमलं आपल्याला, ते तिला आज कळेना.

पाठवलेली फाईल मागं घेता येत नव्हती. तिनं रकाना पुसून नवी फाईल पाठवली, 'जुनी कृपया काढून टाकावी' असं लिहिलं. त्यामुळं ज्यांनी उघडली नव्हती त्यांनीही उघडली.

अकरा वाजता मावशी चहा घेऊन आल्या. कप ठेवला, बशी नीट केली. त्यांना माहीत होतं की नव्हतं, हे मोनिकाला त्यांच्या तोंडाकडं बघून कळलं असतं, पण तिनं वर बघितलंच नाही.

दुपारी इंद्रजितसाहेबांनी बोलावलं. समोर मोबाईल होता. रागावलेले नव्हते, थोडे हसतच होते.

"हे सगळं बलभीमअण्णांचं काम दिसतंय. त्यांचीच भाषा आहे. तुम्ही काय, सांगितलं ते टाइप केलं."

मोनिकानं समोरच्या मोबाईलकडं बघितलं.

"परंड्याच्या श्रीनाथ सरांचा निरोप आलाय. समितीवर आहेत ते. म्हणतात, चावीचं काम त्या महानंदाला कसं देणार, आपल्याच कागदावर असं असताना? आता अण्णांनी काय बघून लिहिलं कुणास ठाऊक. काहीतरी असेलच ना?"

इथं तिनं बोलायला हवं होतं. पण साहेबांनी आपणहून दार उघडून दिलं होतं आणि ती त्या दारातून बाहेर पडली. "बघते सर," एवढंच म्हणाली. काय बघणार होती, ते तिलाही माहीत नव्हतं. जिन्याखालच्या खोलीत येऊन बसली तेव्हा तिला स्वतःची शिसारी आली. सात वर्षांपूर्वी निदान पेन ड्राइव्ह हरवला होता. आज काय हरवलं होतं?

घरी तिनं मल्हारला सांगितलं. तोही अर्धंच. तो जेवता जेवता म्हणाला, "अण्णा रिटायर झालेत. त्यांचं काय जातंय?" तिचंच मन दुसऱ्याच्या तोंडून बोलल्यासारखं वाटलं, आणि जास्तच वाईट वाटलं. शेजारी सृष्टी मावशींनी शिकवलेलं कसलंसं गाणं गुणगुणत भात कालवत होती. ही मोठी होऊन आपल्याबद्दल असं काही कळलं तर काय म्हणेल, हा विचार आल्यावर मोनिकानं ताट बाजूला सारलं.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. मावशींशी ती कामापुरतं बोलली. शुक्रवारी तर सृष्टीला घ्यायला ती स्टुलापर्यंत गेलीच नाही, जिन्यातूनच हाक मारली.

शनिवारी बैठकीआधी तासभर बलभीमअण्णा आले. गावाकडून एसटीनं, धोतर-टोपी, हातात पिशवी. त्यांच्या कानावर गेलं होतं. ते कार्यालयात आले नाहीत. व्हरांड्यात महानंदामावशी पाण्याच्या बाटल्या भरत होत्या, थेट त्यांच्यापुढं जाऊन उभे राहिले. मोनिका कागद घेऊन वर निघाली होती. ती जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर थांबली.

"महानंदा, माझ्या तोंडून गेलं असंल बघ ते," अण्णा म्हणाले. "मला आता आठवत बी न्हाय. वय झालं. पर लिवलंय म्हनत्यात, तर गेलंच असंल. म्या तुझ्यावर कंदी संशय घेतला न्हाय, तरी कसं गेलं काय म्हाईत." आणि त्या म्हाताऱ्या माणसानं, जो वीस वर्षं तिचा साहेब होता, तिच्यापुढं हात जोडले.

"अण्णा, हात खाली घ्या. लोक बघत्यात."

"घेतो. पर तू समितीला सांग, बलभीम येडा झालाय म्हनावं."

जे त्यांनी कधी म्हटलंच नव्हतं त्याची माफी मागायला तो माणूस पन्नास किलोमीटर आला होता, आणि स्वतःच्या आठवणीवर विश्वास न ठेवता मोनिकाच्या लिहिण्यावर ठेवत होता. ती खाली उतरली.

"अण्णा, ते तुमचं नाही. 'टाकलेली' एवढं तुम्ही सांगितलं होतं. पुढचं मी लिहिलं."

अण्णा तिच्याकडं वळले. "तू? कशापायी गं?"

तिनं सांगितलं. पेन ड्राइव्ह, पर्स, अस्तर, बारा दिवस. उभ्या उभ्या, मान खाली घालून, शाळेत फळ्यापुढं उभं केलेल्या मुलीसारखं. बोलताना मावशींच्या पायांकडं बघत होती. एका बाटलीचं झाकण लावायचं राहिलं होतं, पाणी फरशीवर सांडत होतं आणि ते कुणी पुसत नव्हतं.

अण्णा म्हणाले, "हे वर जाऊन सांग." आणि पिशवी उचलून व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले, ती सांगते की नाही ते बघायला.

ती वर गेली. समितीचे सात जण बसले होते. परंड्याचे श्रीनाथ सर चष्मा पुसत होते. मोनिकानं कागद ठेवले आणि म्हणाली, "सर, चारशे सातव्या ओळीतली नोंद बलभीमअण्णांची नाही, माझी आहे. खोटी आहे. माझी वस्तू माझ्याकडेच होती. मी तेव्हा चौकशी न करता लिहिलं आणि नंतर पुसलं नाही."

इंद्रजितसाहेबांच्या तोंडावरचं हसू गेलं. "बुधवारी मी विचारलं तेव्हा का बोलला नाहीत?"

"लाज वाटली सर."

"कोणाची?"

श्रीनाथ सर म्हणाले, "असं कुणीही काहीही लिहायला लागलं तर मग कुठल्या नोंदीवर विश्वास ठेवायचा आम्ही?" आवाज चढलेला नव्हता. सात वर्षांत तिच्या कामावर पहिल्यांदाच कुणी बोट ठेवलं, आणि ते बरोबर होतं. तिला लेखी खुलासा द्यायला सांगितलं. तो तिनं दुपारीच लिहिला आणि चौदाही शाखांना पाठवला, ज्यांना ज्यांना ती फाईल गेली होती त्यांना, पेन ड्राइव्हसकट. पाठवायच्या बटणावर बोट ठेवून ती बराच वेळ बसली होती.

मावशींना जागा मिळाली. पण सहा महिने बघू, मग कायम करू, असं लिहून. त्याआधी त्या जागेवर आलेल्या कुणाला सहा महिने बघितलं नव्हतं. लिहिलेलं वाक्य पुसलं, खोटं म्हणून कबूल केलं, तरी त्याचा एवढा तुकडा राहिलाच.

संध्याकाळी मोनिका स्टुलापाशी गेली. मावशी आपलं सामान आवरत होत्या, पानाची चंची, एक कंगवा, देवाचा फोटो.

"मावशी," ती म्हणाली.

"ते मला तवाच कळलं हुतं," मावशी फोटो पदरानं पुसत म्हणाल्या. "तुमी कायतरी हुडकत समदी खोली उलटीपालटी केली, आन् मग किल्ली पर्समदी घालून घरी न्यायला लागला, तवाच. म्या काय येडी न्हाय."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? म्या न्हाय घेतला म्हनलं, तर घेतल्यावानीच दिसतंय. आन् मग तुमी पोट घिऊन यायला लागला. जिन्यात चक्कर यायची तुमाला. त्यात काय ते काढायचं?" त्यांनी फोटो पिशवीत ठेवला. "मला वाटलं, सापडलं आसंल. लाज वाटत आसंल. कवातरी सांगतील. सृष्टी झाली, रांगली, शाळंत गेली. म्या वाट बघितली. मग म्हनलं, इसरल्या आसतील."

"विसरलेच होते."

"व्हय. आपल्याला लागलं की ध्यानात ऱ्हातं. दुसऱ्याचं न्हाय ऱ्हात." त्यांनी पिशवीचं तोंड बांधलं. राग नव्हता आवाजात, आणि तेच मोनिकाला सोसवेना. रागावल्या असत्या तर पाय धरले असते.

"म्या आता वरच्या मजल्यावर. पोरगी शाळा सुटल्यावर तिकडंच यिऊ द्या," मावशी म्हणाल्या. "तिला ठावं हाय जिना. तुमी खालनंच हाक मारा, मॅडम."

मॅडम. सात वर्षांत त्यांनी तिला ताईशिवाय हाक मारली नव्हती.

सोमवारपासून सृष्टी वर जाऊन बसायला लागली. प्रयोगशाळेत मावशींना खुर्ची होती, पण सृष्टी सांगायची की खुर्चीवर तिला बसवतात आणि त्या बाकावर बसतात. पाच वाजता मोनिका जिन्याच्या तळाशी उभी राहून मुलीला हाक मारते. वरून पोरीच्या पायांचा आवाज येतो आणि मागून मावशींचा, "सावकाश गं माय, कठडा धर." ते मुलीला असतं. मोनिका ते ऐकून घेते, मुलीचं दप्तर हातात घेते आणि अजून एकदाही त्या पायऱ्या चढून वर गेलेली नाही.